आधी यादी, मग स्कॅनर: देशाची जुनी वर्तमानपत्रं संशोधकांसाठी कशी जपावीत

जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह उभारायचं ठरलं की पहिली चर्चा बहुतेक वेळा स्कॅनर कोणता घ्यायचा याची होते. ती चर्चा पुढे ढकला. ज्याच्यासाठी हा खटाटोप करायचा, तो संशोधक संग्रहाकडे काय मागतो हे आधी बघू. समजा त्याने एका संपाची बातमी शोधली आणि काहीच हाती लागलं नाही. याचे चार अर्थ होऊ शकतात: बातमी छापूनच आली नव्हती, तो अंक संग्रहात नाही, अंक आहे पण ते पान फाटलंय, किंवा पान आहे पण संगणकाला ते वाचता आलं नाही. या चारांतलं नेमकं काय झालं हे जो संग्रह सांगू शकत नाही, त्यावर आधारलेलं 'वर्तमानपत्रांनी या घटनेकडे दुर्लक्ष केलं' हे विधान पोकळ ठरतं. खाली सांगितलेलं जवळपास प्रत्येक काम या चार शक्यता वेगळ्या ठेवण्यासाठी आहे.

अंकागणिक यादी

'अमुक दैनिक, १८९० ते १९३५' अशी एका ओळीची नोंद ग्रंथालयाच्या कपाटापुरती ठीक. संशोधनाला ती पुरत नाही. त्या पंचेचाळीस वर्षांत मधली सहा वर्षं गायब असू शकतात. म्हणून नोंद अंकागणिक करा. साधी स्प्रेडशीट चालते. रकाने असे ठेवा: नाव (मास्टहेडवर, म्हणजे पहिल्या पानावरच्या नावपट्टीत छापलंय त्याच स्पेलिंगमध्ये), गाव, भाषा, छापील तारीख, खरी तारीख, वर्ष व अंक क्रमांक, आवृत्ती, पानांची संख्या, पुरवणी आहे का, पानांची अवस्था, प्रत कुठे आहे.

छापील आणि खरी तारीख वेगळी ठेवायला सांगतोय त्याला कारण आहे. जानेवारीच्या पहिल्या अंकांवर खिळे जुळवणाऱ्याच्या हातून आधीचंच साल राहून गेलेलं अनेकदा दिसतं. शिवाय सगळे देश एकाच दिनदर्शिकेवर चालत नव्हते. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला. त्याआधीच्या तिथल्या अंकांच्या तारखा पश्चिम युरोपच्या तारखांशी जुळवायला गेलात तर विसाव्या शतकात तेरा दिवसांचा फरक पडतो. एकच तारीख नोंदवलीत तर ती कोणत्या पद्धतीची, हे पुढच्याला कळायला मार्ग उरत नाही.

वर्तमानपत्रं नावं बदलतात, एकमेकांत विलीन होतात, बंदी आली की दुसऱ्या नावाने निघतात. प्रत्येक नावाला स्वतंत्र ओळखक्रमांक द्या आणि 'आधीचं नाव', 'नंतरचं नाव' असे दुवे जोडा. नियतकालिकांना मिळणारा आयएसएसएन हा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकही नावात मोठा बदल झाला की नव्याने दिला जातो.

आता सगळ्यात मोलाचा रकाना. अंक नसेल तर तिथे 'नाही' एवढंच लिहून सोडू नका. 'त्या दिवशी निघालाच नाही', 'निघाला पण सापडला नाही', 'सापडला पण अपुरा' आणि 'माहिती नाही' असे निदान चार पर्याय हवेत. पहिला पर्याय पुराव्याशिवाय भरायचा नाही. पुरावा बहुधा शेजारच्या अंकांतच मिळतो: ३ मार्चचा अंक क्रमांक ११२ आणि ५ मार्चचा ११३ असेल, तर ४ मार्चला अंक निघाला नसावा. 'नसावा' म्हणायचं, कारण अंक क्रमांकही चुकतात. पुढच्या अंकात 'सुट्टीमुळे काल अंक निघाला नाही' अशी चौकट सापडली, की नोंद पक्की.

एका संस्थेकडे एखाद्या वर्तमानपत्राची पूर्ण मालिका असणं हा अपवाद. उरलेले अंक शोधायचे तर प्रकाशकाच्या गोदामापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. न्यायालयांच्या खटल्यांत पुरावा म्हणून लावलेले अंक असतात. सेन्सॉर आणि गुप्तचर खात्यांनी जप्त केलेले अंक सरकारी फायलींत पडून असतात. ज्या वर्तमानपत्रांना सत्तेने छळलं त्यांचे अंक कधीकधी सत्तेच्याच दफ्तरात शाबूत राहिलेत. स्थलांतरितांच्या वसाहती, परदेशी विद्यापीठं, संपादकांचे वारस, खासगी संग्राहक हे पुढचे पत्ते. जिथे जे सापडेल ते एकाच संयुक्त यादीत घाला. अमेरिकेने १९८२ ते २०११ या काळात राज्याराज्यांतून वर्तमानपत्रं शोधून त्यांची सूची आणि मायक्रोफिल्म (पानांची बारीक छायाचित्रं असलेली फिल्मची रिळं) करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. डिजिटायझेशनचा राष्ट्रीय कार्यक्रम तो चालू असतानाच, २००५ मध्ये सुरू झाला आणि तो आधीच्या सूचीवर व फिल्मवर उभा राहिला.

दोन संस्थांकडे एकच अंक असेल तर दुसरी प्रत 'जास्तीची' म्हणून बाजूला सारू नका. एकीचं तिसरं पान फाटलेलं असतं, दुसरीची पुरवणी हरवलेली. आणि कित्येकदा त्या एकाच दिवसाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या निघतात: सकाळची आणि उशिराची, शहराची आणि जिल्ह्याची.

कागद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वर्तमानपत्राचा कागद सुती आणि लिननच्या चिंध्यांपासून बनत असे. १८४४ साली जर्मनीत फ्रीडरिश केलर आणि कॅनडात चार्ल्स फेनर्टी यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, लाकूड घासून लगद्याचा कागद करून दाखवला. पुढच्या काही दशकांत वर्तमानपत्रं या स्वस्त कागदावर गेली. लाकडात लिग्निन नावाचं, धागे धरून ठेवणारं द्रव्य असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. त्यात कागदाला खळ देताना वापरलेली तुरटी आम्ल तयार करते आणि ते आम्ल कागदाचे धागे तोडत जातं. त्यामुळे १७९० चा अंक बोटांनी आरामात उलटता येतो आणि १९१० च्या अंकाचा कोपरा हातात येतो. 'सगळ्यात जुनं ते आधी वाचवा' हा नियम इथे फसतो. क्रम अवस्थेवरून लावा. साधारण १८७० नंतरचा, एकच प्रत उरलेला आणि घडीवर तुटायला लागलेला अंक रांगेत पुढे.

साठवणीचं शास्त्र फार अवघड नाही. तापमान १८ अंश सेल्सिअसच्या आत, आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान, आणि मुख्य म्हणजे दोन्ही स्थिर. दिवसा वातानुकूलन चालू, रात्री बंद, हा प्रकार कागदाला सतत ताणतो आणि सैल करतो. अंक आम्लविरहित पेट्यांत आडवे ठेवा. उभे ठेवले की स्वतःच्याच वजनाने वाकतात. पेटी शिगोशीग भरू नका. ब्रिटिश लायब्ररीने इंग्लंडमधल्या बॉस्टन स्पा इथे २०१५ मध्ये वर्तमानपत्रांसाठी जी इमारत सुरू केली, तिथे थंड, स्थिर हवामानाबरोबर हवेतला ऑक्सिजनही कमी ठेवलाय, म्हणजे आग पेटूच नये. तेवढं करणं प्रत्येकाला शक्य नाही. छप्पर गळत नसणं, पाण्याचे नळ डोक्यावरून गेलेले नसणं आणि सगळ्यात खालचा खण जमिनीपासून वीतभर उंच असणं, एवढं मात्र कुणालाही जमतं.

हाताळणीबद्दल थोडक्यात. चिकटपट्टी कधीही लावायची नाही. तिचा गोंद कागदात उतरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. प्लॅस्टिकच्या पातळ थरात पान कायमचं बंद करणारं लॅमिनेशन विसाव्या शतकात मोठमोठ्या संस्थांनी केलं आणि आता ते उलगडण्यात त्यांची माणसं गुंतली आहेत. फाटलेलं पान जोडायचं तर कोझो झाडाच्या सालीचा पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. पाण्याने ती पुन्हा सोडवता येते. पण ही दुरुस्ती शिकलेल्या हातांनी करावी, आणि स्कॅनिंगला अडथळा येत असेल तेवढीच.

बुरशी दिसली तर तो खंड लगेच वेगळा करा, पिशवीत बंद करा, मास्क लावा. ब्रशने झटकू नका, बीजाणू खोलीभर पसरतात. कसर किंवा वाळवी असेल तर अंक हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांखाली आठवडा-दोन आठवडे गोठवतात. विषारी धूर देण्यापेक्षा हे बरं. भिजलेल्या अंकांना ४८ तासांची मुदत समजा. तेवढ्यात वाळवणं शक्य नसेल तर गोठवा आणि नंतर सवडीने वाळवा. आम्ल निष्प्रभ करण्याच्या प्रक्रियेबद्दल विक्रेते भरभरून बोलतात. ती पुढची झीज मंदावते, पण तुकडे पडू लागलेल्या कागदाची ताकद तिने परत येत नाही. म्हणून ती अजून लवचिक असलेल्या अंकांवर करावी.

मायक्रोफिल्म आधीच असेल तर

बऱ्याच देशांत मोठी वर्तमानपत्रं विसाव्या शतकात मायक्रोफिल्मवर गेली. तिच्यावरून स्कॅन करणं कागदापेक्षा वेगवान आणि स्वस्त पडतं. पण आधी तीन गोष्टी तपासा.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर ती अ‍ॅसिटेट फिल्म आहे आणि तिचं विघटन सुरू झालंय. हा वास शेजारच्या रिळांनाही बिघडवतो, तेव्हा ती रिळं वेगळी करा आणि त्यांचं स्कॅनिंग सगळ्यांच्या आधी घ्या. पॉलिएस्टरवरची सिल्व्हर-जिलेटिन फिल्म योग्य हवामानात पाचशे वर्षं टिकेल असं मानलं जातं. दुसरी गोष्ट पिढीची, म्हणजे ही मूळ फिल्म आहे की प्रतीची प्रत. वाचनालयात फिरलेल्या ओरखडेदार प्रतीवरून स्कॅन करू नका. मूळ निगेटिव्ह कुणाकडे आहे ते शोधा. तिसरी गोष्ट मजकुराची. फिल्म करणाऱ्याने पुरवण्या घेतल्या का, सगळी पानं घेतली का, छायाचित्रं काळ्या डागांसारखी झालीत का? चित्रांचा, जाहिरातींचा किंवा रंगाचा अभ्यास करणाऱ्याला फिल्म अनेकदा निरुपयोगी ठरते.

आणि फिल्म झाली म्हणून मूळ कागद काढून टाकू नका. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. ब्रिटिश लायब्ररीने १९९९ साली फिल्म झालेल्या परदेशी वर्तमानपत्रांचे खंड विकायला काढले, तेव्हा बराच गदारोळ उठला. फिल्मवर सुटलेलं पान मूळ कागदाखेरीज कुठूनच परत मिळत नाही. हेच स्कॅनलाही लागू आहे.

स्कॅनिंग

मोठ्या आकाराच्या अंकांना वरून छायाचित्र घेणारा पुस्तक-स्कॅनर किंवा स्टँडवर बसवलेला चांगला कॅमेरा हवा. पानं आपोआप ओढणारं यंत्र ठिसूळ कागदाला धोक्याचं. कागदावरून घेताना २४ बिट रंगात, मूळ आकाराला किमान ३०० आणि बारीक छोट्या जाहिराती असतील तर ४०० डीपीआय (दर इंचाला टिपलेले बिंदू). फिल्मवरून घेताना ८ बिट ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांत. निव्वळ काळं-पांढरं स्कॅन फाईल लहान करतं, पण पुसट अक्षरं कायमची घालवतं. पानाच्या चारही कडा चित्रात दिसू द्या. मागचा मजकूर पुढे उमटत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा. कोरं पान असेल तर तेही घ्या, आणि पान नसेल तर त्या जागी 'हे पान उपलब्ध नाही' असा छापील फलक स्कॅन करा.

जागेचा हिशेब आधी करा. ४० × ६० सेंटिमीटरचं पान ४०० डीपीआयला, २४ बिट रंगात, न दाबता साठवलं तर सुमारे १८० एमबी होतं. आठ पानांचं दैनिक, वर्षाला ३०० अंक, वीस वर्षं: ४८,००० पानं, म्हणजे साडेआठ टेराबाईटच्या वर. तीन प्रती ठेवायच्या तर सव्वीस टेराबाईट. जेपीईजी २००० च्या काहीही न गमावणाऱ्या प्रकारात हे बरंच कमी होतं. पण एकट्या दैनिकाचा हा आकडा बघितल्यावर 'सगळंच स्कॅन करू' म्हणणारे जरा शांत होतात.

बांधीव खंडांत शिवणीकडचा मजकूर आत दडतो. बांधणी उसवायची की नाही, हा निर्णय परत फिरवता येत नाही, म्हणून तो खंडागणिक घ्या आणि कारण यादीत लिहा.

फाईलचं नाव ओळखक्रमांक, तारीख, आवृत्ती आणि पान यांवरून ठरवा. त्यात वर्तमानपत्राचं नाव घालू नका. नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही. तपासणीत पानांचा क्रम प्रत्येक अंकाचा बघायचा आणि अक्षरांची स्पष्टता नमुन्याने. कंत्राट देण्यापूर्वी प्रत्येक दशकातला एक महिना, तोही सगळ्यात वाईट अवस्थेतला, करून बघा. चांगल्या पानांवरचे नमुने सगळेच चांगले दाखवतात.

यंत्राने वाचलेला मजकूर

ओसीआरबद्दल, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या साधनाबद्दल, 'आमची अचूकता ९८ टक्के' असं सांगितलं जातं. ती अक्षरांची अचूकता असेल, तर पाच अक्षरी शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता सुमारे ९० टक्के. म्हणजे दर दहा शब्दांत एक मोडलेला. आणि चुका सारख्या वाटलेल्या नसतात. नेहमीचे शब्द शब्दकोशाच्या आधाराने सुधारतात. व्यक्तींची आणि गावांची नावं, म्हणजे संशोधक नेमकं जे शोधतो तेच, सगळ्यात जास्त बिघडतं.

त्याच्या आधीची पायरी रकाने ओळखण्याची. यंत्राने दोन रकाने आडवे जोडून वाचले तर अक्षरं बरोबर असूनही वाक्यं निरर्थक होतात. फ्रॅक्टुर या जुन्या जर्मन छापील वळणात लांब 'एस' आणि 'एफ' एकसारखे दिसतात. देवनागरीत झिजलेल्या खिळ्यांमुळे वरच्या-खालच्या मात्रा आणि अनुस्वार गळतात, जोडाक्षरं फुटतात. अशा लिप्यांना तयार मॉडेल पुरत नाही. त्याच वर्तमानपत्राची काही डझन पानं माणसांकडून अचूक टाईप करून घ्या आणि त्यावर टेसरॅक्ट किंवा ट्रान्सक्रिबससारखं साधन शिकवा. दशक बदललं, टाईप बदलला, की नव्याने.

मजकूर ऑल्टो या एक्सएमएल प्रकारात ठेवा. त्यात प्रत्येक शब्दाची पानावरची जागा नोंदलेली असते, त्यामुळे शोधलेला शब्द मूळ चित्रावर उजळून दाखवता येतो. अंक, पानं आणि लेख यांची मांडणी मेट्स या प्रकारात. हे दोन्ही प्रकार अनेक राष्ट्रीय ग्रंथालयं वापरतात, म्हणून उद्या प्रणाली बदलली तरी तुम्ही अडकत नाही.

दुरुस्तीसाठी वाचकांची मदत घ्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून आपल्या वर्तमानपत्रांचा मजकूर लोकांना सुधारायला मोकळा ठेवला आणि लोकांनी तो मनापासून सुधारला. आता भाषा-मॉडेलकडून (चॅटबॉटमागच्या एआयकडून) मोडका मजकूर सुधारून घ्यायची टूम आहे. तिथे सावध राहा. जुनं ओसीआर चुकतं तेव्हा चूक डोळ्यांना खुपते. भाषा-मॉडेल चुकतं तेव्हा सफाईदार, पटण्याजोगं आणि कधीच न छापलेलं वाक्य तयार करतं. वापरायचंच तर तो मजकूर वेगळ्या थरात ठेवा, कशाने आणि केव्हा केला ते लिहा, आणि यंत्राने मूळ वाचलेलं कधीही पुसू नका.

प्रती आणि पडताळणी

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या शहरात. त्यांतली एक तरी नेटवर्कशी न जोडलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत राहिल्या. जी प्रत हल्लेखोराला दिसतच नाही तीच अशा वेळी कामाची. फाईल तयार झाल्याक्षणी तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाईल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा) काढा आणि ठरावीक काळाने सगळ्या प्रतींवर तो पुन्हा जुळवा. वर्षातून एकदा एखादं वर्तमानपत्र बॅकअपमधून खरंच परत उभं करून बघा.

हक्क

कॉपीराइटची मुदत देशागणिक बदलते आणि एकाच पानावर अनेकांचे हक्क असतात: प्रकाशकाचा, सहीने लिहिणाऱ्याचा, छायाचित्रकाराचा, वृत्तसंस्थेचा. वकिलाच्या सल्ल्याने एक वर्ष-सीमा ठरवा. त्याआधीचं सगळ्यांना खुलं, नंतरचं वाचनकक्षात किंवा करारानुसार. प्रकाशकाशी करार करताना केवळ वाचन नव्हे, तर मजकुराचं संगणकीय विश्लेषणही लिहून घ्या; ते नंतर मागणं कठीण जातं. जुन्या गुन्ह्याच्या बातमीतलं नाव काढा अशी विनंती आली तर अंकातून काही खोडायचं नाही. ते पान बाहेरच्या शोधयंत्रांपासून झाकता येतं, आणि तसं केल्याची नोंद आत ठेवता येते.

संशोधकापुढे काय ठेवायचं

कॅनडातल्या इतिहासविषयक प्रबंधांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जी दोन मोठी वर्तमानपत्रं ऑनलाइन शोधता येऊ लागली होती त्यांचे दाखले प्रबंधांत झपाट्याने वाढले होते. इतर मात्र मागे राहिली होती. अभ्यासकांना सोपं पडलं तेच देशाचं वर्तमानपत्र ठरलं. म्हणजे आधी काय स्कॅन करायचं हा प्रश्न तांत्रिक नाही. राजधानीचं इंग्रजी किंवा बहुसंख्याकांच्या भाषेतलं दैनिक घेतलंत, तर त्याच टप्प्यात एखादं छोट्या गावाचं साप्ताहिक, एखादं कामगारांचं पत्र, एखादं अल्पसंख्य भाषेतलं नियतकालिक घ्या. निवडीची कारणं संकेतस्थळावर जाहीर करा.

प्रत्येक वर्तमानपत्राच्या पानावर दिनदर्शिका दाखवा: आहे, निघाला नाही, सापडला नाही, अपुरा, प्रत्येकाला वेगळा रंग. सुरुवातीची स्प्रेडशीट इथे कामाला येते. शोधात काहीच सापडलं नाही तर कोरं पान दाखवू नका. 'या काळातल्या अपेक्षित अंकांपैकी इतके अंक शोधले, त्यांच्या वाचनाची अंदाजे गुणवत्ता इतकी' असं तिथे लिहून यावं. प्रत्येक अंकाला, पानाला आणि लेखाला कायम टिकणारा दुवा द्या, नाहीतर तळटीपा दहा वर्षांत मरतात. ज्यांना एकेक पान वाचायचं नसून लाखो पानांवर प्रयोग करायचाय, त्यांच्यासाठी सगळा मजकूर एकत्र उतरवून घेण्याची सोय ठेवा. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' ती देतो.

संग्रह वाढत राहतो. आज 'सापडला नाही' असलेला अंक पुढच्या वर्षी कुणाच्या माळ्यावर निघतो. एखादं दशक नव्या मॉडेलने पुन्हा वाचलं जातं. अशा प्रत्येक बदलाची तारीखवार बदलनोंद जाहीर ठेवा, आणि उद्धरणाच्या नमुन्यात शोध केल्याची तारीख सक्तीची करा. मग तीन वर्षांपूर्वी 'उल्लेख नाही' असं लिहिणाऱ्याला त्या दिवशी संग्रहात काय होतं, हे दाखवता येतं.